आईच्या गुडघ्यांना सीबीडी तेल, आणि सोबत वॉरफॅरिन चालू

मागवाला

नमस्कार मंडळी. मी इचलकरंजीचा. घरचे यंत्रमाग आहेत, औषधातलं मला चिठ्ठीवर लिहिलेलं असतं तेवढंच कळतं. प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

आई ७१ वर्षांची. दोन्ही गुडघे झिजलेत, डावा जास्त. जिना उतरताना कठडा धरून आडवी उतरते. ऑपरेशनचं नाव काढलं की विषय बदलते. हृदयाची एक झडप पूर्वी बदललेली आहे, मायट्रल, धातूची, त्यामुळे हाडांचे डॉक्टरसुद्धा घाई करत नाहीत. त्या झडपेसाठी रोज संध्याकाळी वॉरफॅरिन, रक्त पातळ ठेवायची गोळी. महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, तपासतो, अडीच ते साडेतीनच्या मध्ये राहिला पाहिजे असं सांगितलंय. शिवाय बीपीची ॲम्लोडिपिन आणि कोलेस्टेरॉलची एक गोळी.

आता झालंय असं, की न्यूजर्सीचा आतेभाऊ गणपतीला आला तो सीबीडी तेलाची, म्हणजे गांजाच्या झाडापासून काढतात त्या तेलाची, बाटली घेऊन आला. वर लिहिलंय फुल स्पेक्ट्रम, ३० मिली, १००० मिलिग्रॅम. सकाळी ५ थेंब, रात्री ५ थेंब, जिभेखाली धरायचे. त्याच्या सासूबाईंचे गुडघे म्हणे याने इतके सुटले की तिकडच्या मंदिरात त्या आता मांडी घालून बसतात. आईने हे ऐकलं आणि घरात कुणाच्या कानावर न घालता थेंब चालू केले. बाटली मला सापडली ती फ्रीजमध्ये, लोणच्याच्या बरणीमागे. विचारलं तर म्हणते, "झाडपाल्याचं तर आहे, त्यात काय होतंय!" झोप छान लागते म्हणते. गुडघ्यांचं विचारलं की "बघूया की" म्हणते.

आतेभाऊ म्हणतो हा गांजा नव्हे, याने चढत नाही, तिकडे पेट्रोल पंपावर मिळतं. बायको म्हणते गुगलवर निम्मे लोक अमृत म्हणतात आणि निम्मे विष. मला एवढंच कळायला हवंय: गुडघ्यांना खरंच फरक पडतो का, आणि वॉरफॅरिनबरोबर चालतं का? तपासणीला अजून दोन आठवडे आहेत. आणि हो, ही बाटली घरात ठेवणं कायद्यात बसतं का तेही कुणाला माहीत असेल तर सांगा. आमच्या गल्लीत पोलीस चौकी आहे.

---

टोरांटोचा बाळ्या

काका, बिनधास्त द्या. मी इथे दोन वर्षं घेतोय. पाठ आणि झोप दोन्हींसाठी. कॅनडात २०१८ च्या ऑक्टोबरपासून सगळं कायदेशीर आहे, सरकारी दुकानातून पावती घेऊन आणतो. पूर्वी रात्री तीनला डोळे उघडायचे ते सकाळपर्यंत मिटायचे नाहीत, आता लहान पोरासारखा झोपतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितलंय की सीबीडीचं व्यसन लागत नाही. वर्षानुवर्षं पेनकिलर खाऊन किडन्या घालवण्यापेक्षा हे शतपट बरं. औषध कंपन्यांना याचं पेटंट घेता येत नाही म्हणून बदनामी चालते, बाकी काही नाही.

---

दुकानवाली

मागवालादादा, पहिलं काम: आज रात्रीचे थेंब आईंना देऊ नका, आणि आयएनआरला दोन आठवडे थांबू नका, उद्या सकाळी तपासा. ज्या डॉक्टरांकडे वॉरफॅरिन चालू आहे त्यांना फोन करून सांगा की असं असं तेल एवढे दिवस पोटात गेलंय. वॉरफॅरिन मात्र आपल्या मनाने कमी करू नका, बंद तर मुळीच नाही. धातूची झडप आहे, तिच्यावर गाठ धरायला वेळ लागत नाही. हे झालं की पुढचं वाचा, लांबण आहे.

माझं कराडला औषधांचं दुकान आहे. काउंटरच्या आत माझी हयात गेली. सध्या आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी अशी बाटली खिशातून काढून विचारतं, "ताई, हे चालेल का?" परदेशातून आलेल्या नातेवाइकांची बॅग उघडली की पूर्वी चॉकलेटं आणि मल्टिव्हिटॅमिन निघायचं, आता हे निघतं.

आधी आतेभावाचं जे बरोबर आहे ते. सीबीडी म्हणजे कॅनाबिडिऑल. गांजाच्याच झाडात असतं, पण नशा येते ती टीएचसीने. सीबीडीने चढत नाही, आणि व्यसनाचंही बाळ्या म्हणतात ते खरं आहे. मात्र बाटलीवर फुल स्पेक्ट्रम लिहिलंय याचा अर्थ तिच्यात थोडं टीएचसी आहेच. अमेरिकेत २०१८ च्या शेती कायद्यापासून ०.३ टक्क्यापर्यंत टीएचसी असलेलं झाड गांजात मोजत नाहीत. तेलात तेवढं असेल असं धरलं तर ३० मिलीत ८०–९० मिलिग्रॅम टीएचसी, आईंच्या दहा थेंबांत दीडेक मिलिग्रॅम. तुम्हाआम्हाला ते कळणारही नाही. ७१ वर्षांची, बीपीची गोळी घेणारी, गुडघ्यात जोर नसलेली बाई रात्री अडीचला लघवीला उठते तेव्हा काय? तोल गेला आणि डोकं आपटलं, तर वॉरफॅरिनवर असलेल्या माणसाच्या कवटीतलं रक्त थांबवायला किती धावपळ होते ते मी पाहिलंय. "झोप छान लागते" हे ऐकून म्हणूनच मला बरं वाटलं नाही.

आता वॉरफॅरिन. ही गोळी यकृतात मोडते, आणि ज्या एन्झाइमांनी ती मोडते त्यांनाच सीबीडी अडवतं. मोडणं मंदावलं की गोळी रक्तात साठते, आयएनआर चढतो, हिरड्यांतून, लघवीतून, पोटात रक्त जायला लागतं. अमेरिकेतल्या अलाबामात एका रुग्णाची नोंद २०१८ साली छापून आली. चाळिशीतला माणूस, मायट्रल झडप धातूची (बघा, आईंचीच), वॉरफॅरिन चालू, आणि फिटसाठी सीबीडीचं औषध सुरू केलं. डोस वाढवत नेला तसा आयएनआर वर जात राहिला. शेवटी वॉरफॅरिन जवळपास ३० टक्क्यांनी कमी करावी लागली, तेव्हा तो जाग्यावर आला. तिथे दर थोड्या दिवसांनी रक्त तपासणारे लोक होते. तुमच्याकडे बाटली लोणच्यामागे होती.

आता तुम्ही म्हणाल, त्याचा डोस मोठा असेल. होता. म्हणूनच हिशेब करू. १००० मिलिग्रॅम भागिले ३० मिली, म्हणजे मिलीला ३३. मिलीचे २० थेंब धरा (तेलाचा थेंब बारीक पडतो, म्हणजे प्रत्यक्षात कमीच). एका थेंबात पावणेदोन मिलिग्रॅमही नाही. दहा थेंबांचे झाले १७. त्या अलाबामाच्या माणसाला सुरुवातच वजनाच्या किलोमागे रोज ५ मिलिग्रॅमने केली होती. ६० किलोच्या माणसाला तेच ३०० होतात.

आणि गुडघ्यांचं? व्हिएन्नाच्या वैद्यकीय विद्यापीठात नेमकं हेच तपासलं, २०२३ मध्ये छापून आलं. गुडघे झिजून दुखणारे ८६ जण, सगळ्यांना पॅरासिटामॉल चालू. निम्म्यांना वरून रोज ६०० मिलिग्रॅम सीबीडी, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या खोट्या गोळ्या, आठ आठवडे. दुखणं दोन्हीकडे सारखंच कमी झालं. त्रास मात्र सीबीडीवाल्यांना जास्त, काहींच्या यकृताच्या तपासण्या बिघडल्या. त्याआधी डेन्मार्कमध्ये हाताच्या सांध्यांवर पाहिलं होतं, १३६ जण, २०–३० मिलिग्रॅम, बारा आठवडे. म्हणजे आईंच्या थेंबांच्या जवळचाच डोस. तिथेही खोट्या गोळीपेक्षा काडीचा फरक नाही.

६०० मिलिग्रॅम तुमच्या बाटलीतून द्यायचे तर रोज १८ मिली प्यावं लागेल. बाटली दोन दिवस पुरणार नाही. एवढं करून व्हिएन्नात गुडघा हलला नाही. आणि १७ मिलिग्रॅम इतकं थोडं आहे की आयएनआर हलणार नाही असं कुणी म्हणत असेल, तर जेवढ्याने आयएनआर हलत नाही तेवढ्याने गुडघा कशाला सुटेल? एकाच तेलाला दुखण्यापुरतं जालीम आणि धोक्यापुरतं सौम्य ठरवता येत नाही. विकणारे मात्र तेच करतात.

सासूबाई मांडी घालून बसतात यावर माझा अविश्वास नाही. व्हिएन्नात खोट्या गोळ्या घेणाऱ्यांचं दुखणंही कमी झालंच होतं.

आणखी एक. लेबलवर १००० लिहिलंय म्हणून आत १००० आहे असं नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादनं प्रयोगशाळेत तपासली. लेबलाशी जुळली ती ३१ टक्के. २६ टक्क्यांत कमी निघालं, ४३ टक्क्यांत जास्त. १८ बाटल्यांत टीएचसी सापडलं. वॉरफॅरिनचं सगळं गणित रोज तेवढीच मात्रा या एका गोष्टीवर उभं असतं.

कायद्याचं जाणकार सांगतीलच, पण ०.३ टक्क्याची सवलत अमेरिकेची आहे. आपल्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात अशी टक्केवारी नाही.

---

रेडिंगची आई

दुकानवालीताई, तुमचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही म्हणून बऱ्याच काळाने लॉगिन केलं. मी इंग्लंडमध्ये रेडिंगला असते. माझ्या मुलाला लेनॉक्स-गॅस्टो आहे. लहानपणापासूनच्या अवघड फिट, त्यात उभ्याउभ्या धाडकन कोसळण्याच्या. घरात हेल्मेट घालून फिरतो. त्याला सीबीडीचा उपयोग झालाय, म्हणून सीबीडी म्हणजे सगळी थाप असं कुणी समजू नये एवढंच सांगायचंय.

पण आम्ही घेतो ते तेल म्हणून मिळतं ते नाही. एपिडायोलेक्स नावाचं औषध, गांजाच्या झाडातूनच काढलेलं शुद्ध सीबीडी, मिलीला १०० मिलिग्रॅम, तिळाच्या तेलात. स्ट्रॉबेरीचा वास आहे, लेकाला तो आवडत नाही. अमेरिकेत २०१८ च्या जूनमध्ये मान्य झालं, इथे सरकारी आरोग्यसेवेसाठी २०१९ च्या डिसेंबरमध्ये त्याची शिफारस झाली, तेही क्लोबाझाम या फिटच्या दुसऱ्या गोळीसोबतच आणि फक्त मेंदूविकारतज्ज्ञांच्या हातून. मुलाचं वजन २४ किलो, त्याला दिवसाला २४० मिलिग्रॅम जातं. मागवालांच्या आईंच्या दहा थेंबांच्या चौदापट.

सुरुवातीचे महिने सोपे नव्हते. सीबीडीमुळे क्लोबाझाम शरीरात वाढतं, त्यामुळे पोरगा शाळेत बाकावर डोकं टेकून झोपायचा. मग क्लोबाझाम कमी केलं तेव्हा जागा झाला. जुलाब झाले, भूक गेली. आधी यकृताची तपासणी, मग ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा. सोबत व्हॅलप्रोएट हे फिटचं आणखी एक औषध चालू असेल तर यकृताला आणखी जपावं लागतं, म्हणून आमचं ते आधीच बदललं होतं. जेवणाबरोबर द्यायचं की रिकाम्या पोटी हेही रोज सारखं ठेवायचं, कारण तुपकट जेवणाबरोबर ते चारपट शोषलं जातं. पुरणपोळीच्या दिवशी मी घड्याळ बघून देते!

आणि एवढं करून फिट थांबल्या का? नाही. कमी झाल्या. ज्या चाचणीवर हे औषध मान्य झालं तिच्यात कोसळण्याच्या फिट मोठ्या डोसवर साधारण ४२ टक्क्यांनी कमी झाल्या, खोट्या औषधावर १७ टक्क्यांनी. इथला नियम असा, की सहा महिन्यांनी मोजायचं आणि ३० टक्के तरी घट नसेल तर बंद. आमची फिट नोंदवायची वही त्या नियमात बसली म्हणून चालू राहिलं.

भारतातल्या एका नातेवाईक बाईंनी मला विचारलं होतं, त्यांच्या नातवाला फिट येतात तर ऑनलाइन तेल देऊ का. माझ्या मुलाचा डोस त्या बाटल्यांतून द्यायचा तर रोज सात मिलीच्या वर ओतावं लागेल, आणि सोबत किती टीएचसी पोटात जाईल त्याचा पत्ता नाही. त्यांना म्हटलं, चालू गोळ्या एक दिवस चुकवू नका आणि मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा.

---

टोरांटोचा बाळ्या

बरं बुवा, माझी झोप खोटी तर!

---

दुकानवाली

बाळ्या, तुमची झोप खरी आहे. पावतीवर एक नजर टाका. सीबीडी १०, टीएचसी १० असं काही लिहिलंय का? बऱ्याच लोकांची झोपेची बाटली अशी निम्मी-निम्मी असते, आणि झोपवणारं त्यात टीएचसी असतं. श्रेय सीबीडीला जातं.

काळजीसाठी, म्हणजे चार लोकांसमोर बोलताना छाती धडधडते त्यासाठी, ब्राझीलमध्ये थोडं बरं काम झालंय. गंमत अशी की तिथे ३०० मिलिग्रॅमने धास्ती कमी झाली, १५० ने नाही आणि ६०० नेही नाही. जास्त घेतलं की जास्त गुण असं हे औषध वागत नाही. आणि रोज ३०० म्हणजे मागवालांची ती १००० मिलिग्रॅमची बाटली चार दिवसांत गुल.

पेटंटचं म्हणाल तर रेडिंगच्या ताई घेतात ते औषध एका कंपनीचंच आहे, चांगलं महाग आहे आणि त्यातून चांगला धंदा होतो. पैसा दोन्हीकडे आहे. फरक हा की तिकडे मात्रा, यकृत, झोप सगळं लिहून द्यावं लागलं, आणि थेंबवाल्यांना "मनःशांती" एवढंच लिहून भागतं.

यकृताचं मी वर ओझरतं लिहिलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेच निरोगी माणसांना किलोमागे ५ मिलिग्रॅम चार आठवडे देऊन पाहिलं, २०२५ मध्ये छापलं. साधारण वीसातल्या एकाची यकृताची एन्झाइमं तिपटीच्या वर गेली. औषध बंद केल्यावर खाली आली. दुखलं कुणाला नाही, रक्त तपासलं म्हणून कळलं. ब्रिटनच्या अन्न खात्याने आधी निरोगी प्रौढाला दिवसाला ७० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली होती, ती २०२३ च्या ऑक्टोबरात १० वर आणली. आईंचे दहा थेंब त्या मर्यादेच्याही वर आहेत, आणि ती मर्यादा कुठलीही गोळी चालू नसलेल्यांसाठी आहे. गरोदर बाया आणि अंगावर पाजणाऱ्या, तुम्हीही लांब राहा.

---

रानवारा

मी वैद्य आहे, सातारा भागात प्रॅक्टिस करतो. दोन गोष्टी जोडतो, कारण इथे लगेच "आपल्या आयुर्वेदात होतंच की" असा सूर लागतो.

होतं. शार्ङ्गधरांनी व्यवायी द्रव्याचं उदाहरण देताना भांग आणि अफू घेतली आहे. व्यवायी म्हणजे पचायच्या आधी सगळ्या अंगभर पसरणारं, मग पचणारं. द्रव्य किती ताकदीचं आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून भांग आधी शुद्ध करायची, पाण्यात धुवायची, तुपावर भाजायची, मग इतर द्रव्यांच्या संगतीने द्यायची. जातिफलादि चूर्णात ती आहे, पण ते ग्रहणीसाठी, जुलाबांसाठी. झाडातून एकच रेणू उपसून जिभेखाली टाकायचा, ही ग्रंथांतली चाल नव्हे. ती करायची असेल तर खुशाल करावी, शार्ङ्गधरांच्या नावावर खपवू नये.

कायद्याचं असं. १९८५ च्या एनडीपीएसमध्ये गांजा म्हणजे फुलोऱ्याचे आणि फळांचे शेंडे, चरस म्हणजे राळ. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येबाहेर राहतात. ही फट आहे म्हणून आपल्याकडे पानांच्या अर्कापासून "विजया"ची (भांगेचं संस्कृत नाव) तेलं आयुष, म्हणजे आयुर्वेदिक औषधांच्या, परवान्यावर निघतात. पण भांग औषधांच्या नियमांतल्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, बाटलीवर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावं असा इशारा छापावाच लागतो. बरेच ग्राहक तो वाचतच नाहीत. काही संकेतस्थळांवर दोन मिनिटांच्या फोनवर चिठ्ठी तयार होते, वॉरफॅरिनचा प्रश्नही कुणी विचारत नाही. आणि पानांच्या अर्कात टीएचसी असतंच, कित्येकदा सीबीडीपेक्षा जास्त. लेबलवरचं प्रमाण बघा. शिवाय महाराष्ट्रात भांगेला दारूबंदीचा १९४९ चा कायदा लागतो, परवान्याविना ती बाळगता येत नाही. उत्तर प्रदेशात परवान्याच्या दुकानात मिळते म्हणून इकडेही चालेल असं नाही.

अमेरिकेतल्या बाटलीतलं तेल बहुतेक फुलोऱ्यातून काढलेलं असतं. ते आपल्या कायद्याच्या कुठल्या खणात पडेल, हे विमानतळावर उभं राहून ठरवायची वेळ येऊ नये.

जाता जाता: दुकानात "हेम्प सीड ऑइल" मिळतं ते बियांचं. त्याला अन्न म्हणून २०२१ मध्ये परवानगी मिळाली. त्यात सीबीडी नावालाही नसतं, आणि तरी लोक ते सीबीडीच्या भावाने घेतात. कुमाऊंत त्याच बियांची चटणी करतात, फार चविष्ट असते.

---

शारजाकर

घाईत विचारतोय. पुढच्या आठवड्यात मुंबईहून निघणार. बायकोच्या मायग्रेनसाठी विजयाचं तेल घेतलंय, डॉक्टरची चिठ्ठीही आहे. चेक-इन बॅगेत टाकलं तर?

---

रानवारा

नका. आमिरातीत तुमची इथली चिठ्ठी चालत नाही, तेलावर बंदीच आहे. सिंगापूरलाही तेच, तिथे नुसतं सीबीडी असलं तरी. बाटली इथेच सोडा.

---

मागवाला

सगळ्यांचे आभार. ताईंचा प्रतिसाद रात्री वाचला, थेंब त्याच रात्री थांबवले, सकाळी रक्त दिलं. आयएनआर ३.४ आला. मागच्या महिन्यात २.८ होता. डॉक्टर फोनवर म्हणाले हद्दीत आहे, गोळी तीच ठेवा, तेल बंदच, आणि आठवड्याने पुन्हा तपासा. तेलाचं नाव त्यांनी दोनदा विचारून लिहून घेतलं.

आता हा ३.४ तेलाने झाला का? बायकोचं म्हणणं, गणपतीत आणि पाहुण्यांत आठवडाभर मेथी-पालक काही झालं नाही, रोज उसळी आणि गोडधोड, त्यानेही चढला असेल. आईचं म्हणणं, मशीन खोटं आहे.

आणि तिची तडजोड ऐका. पोटात नाही तर नाही, गुडघ्याला वरून चोळते म्हणते. एवढ्या महागाचं फुकट कशाला घालवायचं!

---

दुकानवाली

सूनबाईंचं म्हणणं बरोबर असू शकतं. पालेभाजीतल्या के जीवनसत्त्वाने आयएनआर उतरतो, ती बंद झाली की चढतो. दोन्ही एकदम बदललं, तेव्हा कशाने किती चढला हे या एका आकड्यावरून ब्रह्मदेवही सांगणार नाही. म्हणून तर पुढच्या आठवड्याची तपासणी चुकवू नका, आणि तोवर भाजीसुद्धा रोजच्या अंदाजानेच करा. तेलाची भरपाई म्हणून एकदम दोन जुड्या मेथी नको. सीबीडी चरबीत साठून राहतं, थेंब थांबले म्हणून त्याच दिवशी अंगातून जात नाही.

चोळण्याचं: कातडीतून फार थोडं आत जातं, त्यामुळे रक्तात जाऊन घोळ करण्याची भीती पोटात घेण्यापेक्षा बरीच कमी. पण बाटली हाताशी राहिली की चोळता चोळता पाच थेंब जिभेखाली जातील. बाटली सापडली ती जागा आठवा. आतेभाऊ परत गेला नसेल तरी त्याच्याकडे देऊ नका, विमानतळाचं वर वाचलंत. तेलात राख किंवा भुसा कालवून कचऱ्यात टाका, आईंसमोर नको.

गुडघ्यासाठी आईंना खरं काय करता येईल ते सांगते. दुखण्याच्या गोळ्या, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, या वॉरफॅरिनवर असताना बिलकूल नाहीत, शेजारणीने दिली तरी नाही. त्यांचा मलमही रोज भरपूर चोळण्याआधी डॉक्टरांना विचारा. पॅरासिटामॉल चालते, पण रोज चार-चार गोळ्या सलग घेतल्या तर तीही आयएनआर चढवते, म्हणून लागेल तेव्हा आणि सांगून. मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम: खुर्चीत बसून पाय समोर सरळ करायचा, दहा अंक मोजेपर्यंत धरायचा, खाली. रोज दोन्ही पाय. महिन्याभराने जिना सरळ उतरता येतो का बघा. उजव्या हातात काठी, कारण डावा गुडघा जास्त दुखतो. लोक काठी दुखऱ्या बाजूलाच धरतात.

---

मागवाला

काठी ती डाव्याच हातात धरते! आज हात बदलायला लावतो. इचलकरंजीत किंवा कोल्हापुरात घरी येऊन व्यायाम शिकवणारं कुणी माहीत आहे का? बाईमाणूस असेल तर बरं, आई पुरुषासमोर पाय उचलणार नाही.

---

रेडिंगची आई

माझी मावसबहीण जयसिंगपूरला फिजिओथेरपिस्ट आहे, इचलकरंजीला रुग्ण करते. खासगी निरोपात नंबर पाठवते. वॉरफॅरिन चालू आहे हे तिला आधीच सांगा.